घुसेमामाचे भाऊजी

मुलांसाठी एकोणतीस पुस्तकं लिहिणाऱ्या या माणसाला मुलं आवडत नसत असं म्हटलं तर अन्याय होईल. मुलं त्यांना चालत. फक्त ती बसलेली, नाक पुसलेली आणि गप्प असावी लागत.

सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतून फिरायचं, तराजूच्या पारड्याखाली कुणी लोहचुंबक चिकटवलंय का ते बघायचं, वजनांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. पण शिकवल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. किती वाजले असं कुणी विचारलं, तर घड्याळाला रोज ठरावीक वेळीच किल्ली का द्यावी हे त्याला आधी कळे आणि वेळ नंतर. कचेरीतल्या लोकांनी वैतागून 'गुरुजी' असं नाव ठेवलं. यांना वाटलं, मान दिला. पहिल्या पुस्तकावर त्यांनी तेच नाव छापून घेतलं आणि मग ते जन्माचं चिकटलं.

मी त्यांची मुद्रितं तपासत असे. छापखान्याच्या पुढच्या खोलीत, जिन्याला लागून माझं टेबल होतं. ऊन लागून कागद पिवळे पडू नयेत म्हणून खिडक्यांच्या काचा निळ्या रंगवल्या होत्या, त्यामुळे त्या खोलीत बसलेला कुठलाही लेखक आजारीच दिसायचा. गुरुजींच्या लेखनात शुद्धलेखनाच्या चुका कधी सापडल्या नाहीत. बाकीच्या चुका काढण्याचा मला पगार नव्हता.

त्यांच्या लेखनाची सुरुवात कशी झाली ते त्यांच्या लेकीने मला सांगितलं. ती सहा वर्षांची असताना तिला गोवर निघाला होता. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला, तिला रजा मिळेना, म्हणून गुरुजी घरी बसले होते. पोरगी पडून पडून कंटाळली आणि गोष्ट सांगा म्हणून मागे लागली. गुरुजी खुर्चीत ताठ बसले आणि सांगू लागले.

"एक ससा होता. तो पहाटे पाच वाजता उठे."

"का?"

"चांगला होता म्हणून. उठून तो अंथरुणाची घडी घाली. मग दात घासी."

"मग?"

"मग अभ्यासाला बसे."

"मग कोण आलं?"

"कुणी कशाला येईल? तो अभ्यास करत होता ना?"

पोरीने अंगावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाली, "बाबा, मला आता बरं वाटतंय. गोष्ट पुरे."

'माझी पहिली गोष्ट ऐकून माझी मुलगी तापातून उठली,' हे वाक्य गुरुजींनी पुढे तीसेक वर्षं भाषणांत वापरलं.

त्या गोष्टीचं त्यांनी पुस्तक केलं, 'शिस्तीचा ससा'. आमच्या प्रकाशकबाईंनी ते छापलं. बाईंना वडिलांकडून छापखाना मिळाला होता, त्यात बसची तिकिटं आणि शाळांची प्रगतिपुस्तकं छापली जात. त्यामुळे सगळे मुख्याध्यापक ओळखीचे. त्यांनी ते पुस्तक वर्षभराच्या पूर्ण हजेरीचं बक्षीस म्हणून घेतलं. एकदा ते मिळालेली मुलं पुढच्या वर्षी आठवणीने दोनचार दिवस आजारी पडत. तरी पुस्तक खपलं. दुसरंही निघालं, 'ससा आणि स्वच्छता'. तेही तसंच खपलं, म्हणजे कुणीही न वाचता.

तिसऱ्याचं हस्तलिखित घेऊन गुरुजी आले तेव्हा बाईंनी पेन्सिल चावत चार पानं वाचली आणि म्हणाल्या, "गुरुजी, ससा चांगला आहे. फारच चांगला आहे. पण त्याला कुणीतरी छळायला नको का?"

"कशासाठी?"

"म्हणजे मग मुलं पान उलटतील."

गुरुजींचा चेहरा पडला. हस्तलिखित काखेत मारून ते निघाले. आपल्या सशाला कोण छळणार, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता. घरी पोचून त्यांनी दार उघडलं, तर समोर दिवाणावर त्यांचाच टॉवेल डोक्याखाली घेऊन उत्तर घोरत पडलं होतं.

तो त्यांचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. नोकरीच्या मुलाखतीसाठी म्हणून एक पिशवी घेऊन चार दिवसांकरता आला होता. मुलाखतीला गेला खरा, पण बाहेरच्या बाकावर त्याचा डोळा लागला आणि नाव पुकारलेलं त्याला ऐकू आलं नाही. ते झाल्याला तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती. एकूण तो अकरा वर्षं राहिला. गोल अंगाचा, ओठांवर विरळ मिशा, आणि चालताना पावलांचा आवाज नाही. दोन खोल्या पलीकडे डब्याचं झाकण निघालं तर झोपेत त्याचे कान हलत, असं लेक शपथेवर सांगते. गुरुजींच्या चपला, छत्री, कंगवा, सगळं त्याचंच होतं. त्याला कशाबद्दलही जाब विचारला की तो डोळे मोठे करून म्हणे, "मी? छे, भाऊजी!" आणि तेव्हाही मिशीला बिस्किटाचा चुरा लागलेला असे.

बिस्किटांचा किस्सा तर सांगायलाच हवा. गुरुजींना आपल्या हाताचा फार अभिमान. वस्तू उचलली की तोळ्याच्या फरकाने वजन सांगत. बिस्किटांचा पत्र्याचा डबा वरच्या फळीवर असायचा. ते रोज सकाळी तो उचलून बघत आणि समाधानाने मान हलवत. महिनाभर डब्याच्या वजनात काही फरक नव्हता. पुढे कुणी पाहुणे आले, गुरुजींनी ऐटीत डबा बशीवर पालथा केला आणि टपटप खडी पडली. रस्त्याच्या कामावरची, स्वच्छ धुतलेली, बिस्किटांच्या वजनाला तंतोतंत उतरलेली.

"अहो, पण धुतली तरी होती ना," बायको म्हणाली. भावावर शब्द येऊ द्यायची नाही ती.

मेहुण्याला घालवणं गुरुजींच्या हातात नव्हतं. हाती लेखणी होती, तीच त्यांनी उपसली. बाईंच्या मागणीचं निमित्त करून त्यांनी तिसरं पुस्तक नव्याने लिहिलं आणि त्यात सशाच्या घराखाली एक घूस आणून सोडली. घूस नाही, घूस महाशय. लठ्ठ, आळशी, खोटारडे आणि बिनबोलावता घरात शिरणारे, म्हणून नाव घुसेमामा. हे घुसेमामा सशाच्या वाफ्याखाली बोगदा करतात आणि गाजरं खालून खातात. वरचा पाला तसाच रांगेत उभा. ससा रोज सकाळी पाल्याचे तुरे मोजतो आणि समाधानाने मान हलवतो. शेवटी मामा इतके फुगतात की बोगद्यातच अडकतात. ससा त्यांना प्रामाणिकपणावर दोन पानं व्याख्यान देतो आणि मग सगळे प्राणी मिळून त्यांना शेपटीला धरून बाहेर ओढतात. शेपटी कायमची वीतभर लांब होते. तात्पर्य.

मी ते मुद्रित तपासताना मोठ्याने हसलो. यंत्रावरच्या माणसाने यंत्र थांबवून विचारलं, काय झालं. त्या खोलीत तोवर मुद्रित वाचून कुणी हसलं नव्हतं.

ते पुस्तक हातोहात संपलं. छापखान्यात पोस्टकार्डं येऊ लागली. 'घुसेमामांची शेपटी दुखते का?' 'मामा आता कुठे राहतात? आमच्याकडे जागा आहे.' सशाबद्दल एकच पत्र आलं. त्यात एका मुलाने विचारलं होतं की ससा म्हातारा होऊन कधी मरणार. पुढे एका शाळेच्या वाचनालयातली प्रत मी पाहिली. बोटांच्या डागांनी काळी पडली होती. व्याख्यानाची दोन पानं मात्र पांढरीशुभ्र.

गुरुजी या पत्रांनी हादरले. मुलांना वाईट माणूस आवडतो याचा अर्थ शिक्षा कमी पडली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. चौथ्या पुस्तकात त्यांनी मामांना डांबरात पाडलं. पाचव्यात मधमाश्या सोडल्या. सहाव्यात मामा धोब्याच्या भट्टीत उकळून निघतात आणि त्यांचा रंग जातो. मामांचे जितके हाल होत तितकी मुलं खूष होत, आणि पुढच्या पुस्तकात मामा टुणकन उभे. प्रकाशकबाईंनी तर नावंच बदलायला सुरुवात केली. गुरुजींनी 'सशाची सचोटी' लिहून द्यावं आणि बाजारात 'घुसेमामाची फजिती' यावं. मुखपृष्ठावर मामा पानभर, आणि ससा कोपऱ्यात, पुस्तकाच्या किमतीशेजारी.

"बाई, नायक ससा आहे," गुरुजी एकदा चिडून म्हणाले.

"हो की," बाई म्हणाल्या. "म्हणून तर ठेवलाय."

आता एवढं सगळं छापून गावभर झालं तरी ज्याच्यावर बेतलं त्या माणसाला पत्ता नव्हता, कारण तो वाचत नसे. एके रविवारी सकाळी लेक दिवाणाच्या कडेला बसून त्याला तिसरं पुस्तक वाचून दाखवू लागली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकली. गुरुजी वर्तमानपत्राआड गेले. त्यांना भीती वाटत होती की मेहुणा दुखावेल, आणि त्याहून मोठी आशा वाटत होती की मेहुणा दुखावेल. अपमान होऊन माणूस पिशवी उचलतो, निघून जातो, असं कधी कधी घडतं.

मेहुण्याने पूर्ण पुस्तक ऐकलं. मग उठून बसला.

"भाऊजी, हा मीच की!"

पेपर आणखी वर सरकला.

"अगं ताई, भाऊजींनी माझ्यावर पुस्तक लिहिलंय! छापून! माझ्यावर आजवर कुणी अर्जसुद्धा लिहिला नव्हता." त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. मग त्याने पुस्तक हातात घेऊन चित्रं न्याहाळली आणि जरा अडखळत म्हणाला, "फक्त एक आहे भाऊजी. रागावू नका. हा बोगदा एका दिवसात होतो असं दाखवलंय. असं घाईघाईने केलं की पकडलं जातं. रोज थोडं थोडं करायचं असतं. तुम्हाला सवय नाही ना, म्हणून. पुढच्या वेळी मला विचारत जा."

गुरुजींनी विचारलं नाही. एवढा कमीपणा ते घेणार नव्हते. पण त्या रविवारनंतर ते आतल्या खोलीत दाराच्या फटीशी वही घेऊन बसू लागले. मेहुणा काय करतो, कसा करतो, पकडल्यावर काय सांगतो, सगळं टिपून ठेवत. वजनमापे खात्याची वही, आडव्या उभ्या रेघांची. गोष्टी कधी नव्हेत इतक्या जिवंत व्हायला लागल्या. बाईंनी विचारलं, "गुरुजी, हे सुचतं कुठून?" गुरुजी म्हणाले, "चिंतनातून."

एकदा मेहुण्याला खोकला झाला आणि आठवडाभर तो निमूटपणे पडून राहिला. ना चोरी, ना थाप. गुरुजींच्या जिवाची तगमग सुरू झाली. पुस्तक अर्ध्यावर, छापखाना खोळंबलेला. शेवटी त्यांनी स्वतः दुकानात जाऊन भारीतली बिस्किटं आणली, डबा मेहुण्याच्या हाताशी येईल असा खालच्या फळीवर ठेवला, मोठ्याने म्हणाले, "मी जरा बाहेर जाऊन येतो," आणि बाहेरचं दार आपटून आतल्या खोलीच्या दाराच्या फटीशी जाऊन बसले. प्रामाणिकपणाच्या बारा कथा लिहिलेला हा माणूस, घरात चोरी व्हावी म्हणून श्वास रोखून बसला होता. बायकोने हे पाहिलं. ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

शाळांतून गुरुजींना बोलावणी यायची. अशाच एका कार्यक्रमाला मेहुणा बरोबर गेला. नंतर चहा आणि खायला असतं असं त्याला कळलं होतं. गुरुजी पाऊण तास वक्तशीरपणावर बोलले. पहिल्या रांगेतली मुलं डोळे उघडे ठेवून झोपली, मागच्या रांगेतली सरळ झोपली. शेवटी शाळेतल्या बाईंनी मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा एक मुलगी उभी राहिली.

"घुसेमामा खरे आहेत का?"

गुरुजींनी घसा साफ केला. "बाळांनो, घुसेमामा ही एक व्यक्ती नव्हे. घुसेमामा म्हणजे मनुष्याच्या अंतःकरणात दडलेली दुष्प्रवृत्ती होय."

"हजर!" शेवटच्या बाकावरून आवाज आला.

मेहुणा उभा होता. त्याने मिशा हलवल्या, गाल फुगवले आणि शेजारच्या मुलाच्या डब्यात हात घालून काहीतरी तोंडात टाकलं. पुढचा अर्धा तास त्या हॉलमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मुलं त्याच्या अंगाखांद्यावर. मुख्याध्यापक टाळ्या वाजवतायत. व्यासपीठावर गुरुजी एकटे, पुढ्यातल्या पेल्यावरचं झाकण नीट बसवत.

तिथून पुढे शाळांच्या पत्रांत 'घुसेमामांनाही आणावे' अशी ओळ दिसू लागली. वर्षभरात ती बदलली. 'गुरुजींना सवड नसल्यास घुसेमामा एकटे आले तरी चालेल.' हे पत्र गुरुजींनी फाडलं नाही. माणूस नीटनेटका. त्याला छिद्रं पाडून फायलीत लावलं.

अकरावं वर्ष संपताना जे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं ते घडलं. मेहुणा लग्न करून गेला. पलीकडच्या गल्लीत एक विधवा बाई लाँड्री चालवत असे. मेहुणा तिथे गुरुजींचे शर्ट पोचवायला आणि आपल्या अंगावर घालून परत यायला जात असे. त्यातून काय जमलं कोण जाणे. एक दिवस त्याने पिशवी भरली, ताईच्या गळ्यात पडून रडला, भाऊजींच्या पाया पडला, आणि गेला. गुरुजींनी दार लावून घेतलं, दिवाणाची चादर झटकली, टॉवेल उकळत्या पाण्यात टाकला. संध्याकाळी ते आपल्या खुर्चीत बसून म्हणाले, "आता लिहायला शांतता मिळेल."

शांतता मिळाली. तीच फक्त मिळाली. दोन महिने ते टेबलापाशी बसले आणि घुसेमामा जागचे हलेनात. वहीतलं टिपण संपलं. कल्पनेने काही रचायला जावं तर मामा पहाटे उठून अंथरुणाची घडी घालू लागत. गुरुजींची कल्पना तेवढ्याच बाजूला धावे. अखेर त्यांनी ठरवलं की ही खूण आहे. इतकी वर्षं ज्यासाठी धडपडलो ती वेळ आली. त्यांनी 'घुसेमामा सुधारले' हे पुस्तक लिहिलं. त्यात मामांना पश्चात्ताप होतो, ते बोगदे बुजवतात, सशाची माफी मागतात आणि गाजरांचा राखणदार म्हणून नोकरीला लागतात.

अशी पत्रं मी आयुष्यात वाचली नव्हती. एका मुलीने लिहिलं होतं, 'तुम्ही मामांना काय केलंत ते मला माहीत आहे. हे मामा नाहीत. हा ससाच आहे मामांचे कपडे घालून.' एकाने पुस्तकच परत पाठवलं, शेवटची दहा पानं सुईदोऱ्याने शिवून बंद केलेलं. टाके इतके घट्ट होते की मला उसवता आले नाहीत. बाईंनी गठ्ठे गोदामात टाकले आणि गुरुजींना म्हणाल्या, "मेहुण्यांना भेटून या एकदा."

गुरुजी पंधरा दिवसांनी गेले. रिकाम्या हाताने जाणं जिवावर आलं, म्हणून चार शर्ट घेतले, त्यातले दोन इस्त्रीचेच होते. हा प्रसंग मला मेहुण्यानेच सांगितला.

लाँड्री म्हणजे एक अरुंद खोली. तीन भिंतींना खुंट्या, खुंट्यांवर हँगर, प्रत्येकाला आकड्याची चिठ्ठी. इस्त्रीच्या गरम कापडाचा वास. मेहुणा टेबलामागे उभा होता. बारीक झाला होता. मिशी काढलेली.

"या भाऊजी. शर्ट चार? हे दोन तर धुतलेले आहेत. परत न्या, उगीच कपडा झिजतो."

गुरुजी स्टुलावर टेकले. "कसं काय चाललंय?"

"छान. पाचला उठतो. साडेपाचला कोळसे पेटवतो. दुपारी हिशोब जुळल्याशिवाय जेवत नाही."

"आणि... बाकी?" गुरुजींनी आवाज खाली घेतला. "म्हणजे, काही गंमत? एखाद्या गिऱ्हाइकाचा शर्ट घालून वगैरे...?"

"छे छे!" मेहुण्याने कानाला हात लावला. "लोकांचा विश्वास असतो."

गुरुजींनी खिशातून बिस्किटांचा पुडा काढला आणि टेबलावर, त्याच्या हाताजवळ सरकवला. त्याने तो बघितला आणि मागे सारला. "दोन जेवणांच्या मध्ये मी खात नाही, भाऊजी. 'ससा आणि स्वच्छता', पान अकरा."

गुरुजींनी पुडा परत खिशात घातला.

"लग्न ठरल्यावर सगळी पुस्तकं वाचून घेतली," मेहुणा म्हणाला. "वाटलं, आता संसार करायचा तर शिकायला हवं. मामांची पानं सोडून दिली, ती मला पाठच होती. सशाची नीट वाचली. तुमचे उपकार आहेत, भाऊजी. तुमच्या पुस्तकांनी मी सुधारलो."

इतकी वर्षं लिहून या लेखकाचा संस्कार झालेला एकुलता एक वाचक समोर उभा होता, आणि तोही चाळिशी उलटलेला. गुरुजींना खरं तर धन्य वाटायला हवं होतं. मेहुणा सांगतो, भाऊजींचा चेहरा घरात चोरी झालेल्या माणसासारखा झाला होता. चारही शर्ट तिथेच विसरून ते निघून गेले.

पुढे दीड वर्षं त्यांनी काही लिहिलं नाही. दरम्यान नोकरीतून निवृत्त झाले. दिवसभर घरात. बायकोला शिळ्या वर्तमानपत्राच्या घड्या कशा घालाव्यात ते शिकवू लागले. ती एक्स्चेंजमधून निवृत्त व्हायला अजून तीन वर्षं होती, म्हणून निभावलं.

मग त्यांच्या शेजारी एक निवृत्त बँक मॅनेजर राहायला आले. भारदस्त गृहस्थ. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. त्यांनी एक वजनकाटा आणून व्हरांड्यात ठेवला. रोज सकाळी त्याच्यावर उभे राहत, खाली वाकून आकडा बघत आणि उसासा टाकत. गुरुजींनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं की काटा समपातळीवर नाही. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही आपलं सशाचं बघा." ते वाक्य गुरुजींना झोंबलं.

काट्याच्या मागे शून्य जुळवायचा एक स्क्रू असतो. पस्तीस वर्षं गुरुजींनी दुकानदारांना त्याच स्क्रूपायी दंड केला होता. मॅनेजर फिरायला गेले की गुरुजी तो रोज केसभर फिरवू लागले. रोज थोडं थोडं. मॅनेजरांचं वजन उतरायला लागलं. ते शीळ घालत जिना चढू लागले, जुन्या पँटी काढल्या, त्या कमरेला होईनात तेव्हा धोब्यानेच आटवल्या म्हणाले. आनंदाच्या भरात ते पोटभर खायला लागले. महिन्याने गुरुजींनी स्क्रू उलटा फिरवायला घेतला. मॅनेजरांनी जेवण अर्ध्यावर आणलं, तरी काटा चढतोच. त्यांनी डॉक्टर बदलला.

एका सकाळी बायको कामावर निघाली तर व्हरांड्यात आपला नवरा गुडघ्यांवर बसलेला, जीभ दातांत धरून, हातात स्क्रूड्रायव्हर.

"अहो! हे काय चाललंय?"

गुरुजी दचकले. डोळे मोठे झाले. "मी? छे!" ते म्हणाले. आणि मग, जरा सावरून, "लेखन."

ती जिन्याच्या पायरीवरच बसली आणि हसत सुटली. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या कुठल्याही गोष्टीला ती आजवर हसली नव्हती. त्या दिवशी ती कामावर उशिरा पोचली आणि कारण विचारल्यावर तिला सांगता येईना.

'घुसेमामाचा वजनकाटा' आठवडाभरात लिहून झालं. त्यांचं सगळ्यात चांगलं पुस्तक तेच. त्यात एका हत्तीचं वजन मामा कसं उतरवतात आणि चढवतात ते आहे, आणि शिक्षा अशी नाहीच. गुरुजी लिहायची विसरले असावेत. मॅनेजरांनी नातवंडांसाठी सहा प्रती घेतल्या आणि गुरुजींना भेटून म्हणाले, "हत्ती काय बावळट दाखवलाय हो तुम्ही! असे लोक असतात." गुरुजींनी नम्रपणे मान झुकवली.

त्यानंतर त्यांनी आणखी पाच पुस्तकं लिहिली आणि प्रत्येकाआधी इमारतीत काही ना काही घडलं. एकदा सगळ्यांच्या पत्रपेट्यांच्या किल्ल्या बदलल्या गेल्या. एकदा जिन्यातल्या पाटीवर कुणीतरी सुवाच्य अक्षरात, शुद्ध भाषेत सूचना लावली की अमुक दिवशी सर्वांनी आपापली खुर्ची तपासणीसाठी खाली आणावी. लोकांनी आणल्या. अंगणात साठ खुर्च्या आणि तपासायला कुणीच नाही. गुरुजींवर कुणाला संशय येणं शक्य नव्हतं. ते स्वतः खुर्ची घेऊन रांगेत सगळ्यांत पुढे उभे होते, आणि मागच्यांना रांग सरळ ठेवायला सांगत होते.

भाषणं मात्र शेवटपर्यंत तीच. वक्तशीरपणा, प्रामाणिकपणा, तापातून उठलेली मुलगी.

ऐंशीव्या वर्षी त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. तीनशे चाळीस पानं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण त्यांनी हट्ट धरला की मुद्रितं मीच तपासावीत. त्यात वजनमापे खात्यावर सत्तर पानं आहेत. सशाची कल्पना कशी स्फुरली यावर एक आख्खं प्रकरण आहे. घुसेमामा हे मानवी दुष्प्रवृत्तीचं प्रतीक असून दीर्घ चिंतनातून साकारलं, असं त्यात म्हटलेलं आहे. मेहुण्याचा उल्लेख मी शोधत होतो. तो दोनशे बाराव्या पानावर, तळटिपेत सापडला. 'याच सुमारास माझ्या पत्नीचे बंधू काही दिवस आमच्याकडे वास्तव्यास होते.'

मी समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि मुद्रित गुरुजींच्या घरी पाठवलं. चार दिवसांनी ते परत आलं. प्रश्नचिन्ह खोडरबराने स्वच्छ पुसलेलं होतं, आणि त्याच्या जागी बारीक, वळणदार अक्षरात सूचना होती की समासात अनावश्यक खुणा करू नयेत, कागद खराब होतो.